नवव्या मजल्यावरची सुरंगी

समोरच्या बागेत परवा पुन्हा क्रेन आली. गेल्या वर्षी आली होती तीही ह्याच दिवसांत, होळी तोंडावर असताना, दुपारी खिडकीच्या काचेला हात लावला की चटका बसायचा तेव्हा. त्या वेळी तिने ट्रेलरवरून पूर्ण वाढलेले पाम उतरवून ओळीने उभे केले होते. यंदा त्यांतले वाळलेले पाच उचलून न्यायला आली. आई वॉकर धरून खिडकीशी उभी राहिली. शेवटचा पाम पट्ट्यात लटकून वर जाईपर्यंत जागची हलली नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मी तेवाच बोललंय." कोणाचं वाईट झालं म्हणून आईला एरवी आनंद होत नाही. चुकीची झाडं लावणाऱ्यांपुरता तिने तो राखून ठेवला आहे.

बाग आमची नाही, हे आधी सांगायला हवं. लालबागची आमची चाळ पाडली आणि त्या जागी दोन इमारती उठल्या. पुढची उंच, विकण्यासाठी. मागची आमच्यासारख्या जुन्या भाडेकरूंसाठी. दोन्हींच्या मध्ये भिंत, आणि भिंतीपलीकडे, त्यांच्या गाड्यांच्या मजल्यांवर माती टाकून केलेली ही बाग. आमचं फाटक मागच्या गल्लीत उघडतं. नवव्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीतून ती अख्खी दिसते, ताटात वाढून ठेवल्यासारखी, पण तिच्यात पाऊल टाकायला आम्हाला वाट नाही. नवीन राहायला आलो तेव्हा ह्यावर मी जिन्यात उभी राहून पुष्कळ तावातावाने बोलले, एका अर्जावर सहीसुद्धा केली. पुढे अर्जाचं काय झालं ते कोणी विचारलं नाही, मीही नाही.

गेल्या वर्षी माघात आई न्हाणीघरात घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. घरी आणल्यावर पलंग खिडकीशी सरकवला, कारण दुसरीकडे कुठे तो मावत नव्हता. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा शिवडीहून रेखा नावाची पगारी बाई यायची, आईचं सगळं करायची. सहानंतर मी. मी फोर्टमधल्या एका विमा कंपनीच्या ऑफिसात आहे, नोकरीला तीस वर्षं होऊन गेली. लग्न केलं नाही. का केलं नाही हे आता मलाही नीट आठवत नाही, इतकी वर्षं लोकांना वेगवेगळी कारणं सांगितली आहेत.

त्याच फाल्गुनात मला बढतीचं पत्र आलं. बदली नागपूरला. आख्ख्या विभागाचं काम माझ्या हाती येणार होतं आणि निवृत्तीला उरलेली वर्षं पाहता असं पत्र पुन्हा येणार नव्हतं. मार्चअखेर हो की नाही कळवायचं होतं. मला जायचं होतं. हे मी इथे सरळच लिहिते, कारण तेव्हा कोणालाच सरळ सांगितलं नाही. नागपूरची मला काही ओढ नव्हती, उन्हाळ्याची धास्तीच होती. मला एक खोली हवी होती, जिचं कुलूप मीच उघडावं आणि आत शिरताना पलंगावरून कोणी "इलंस?" म्हणून विचारू नये. आईचं ते "इलंस?" मायेचंच असतं. तरी संध्याकाळी दाराबाहेर चपला काढताना मी ते आतून ऐकू येण्याची वाट बघायची आणि ते आलं की माझे खांदे पडायचे.

दादा डोंबिवलीला असतो. दर रविवारी त्याचा फोन यायचा. "तू आहेस ना तिथे, मी निर्धास्त आहे बघ." त्याला वाटायचं तो माझं कौतुक करतोय.

तर अशा दिवसांत समोरची बाग लागत होती. सकाळी ऑफिसला निघताना खाली फक्त तांबड्या मातीचे ढीग असायचे आणि संध्याकाळी परत यावं तर तिथे झाडी उभी. लहानाचं मोठं होण्याची भानगडच नाही. पाम, मग कापून चौकोनी केलेली फायकस, मग पिवळ्या-हिरव्या पानांचा डुरांटा पायरीपायरीने, आणि एका कोपऱ्यात पांढरा चाफा, फांद्या कापलेला, हात तुटल्यासारखा. आई पडल्या पडल्या हे सगळं बघायची. पाठीला तीन उशा आणि नाकावर चष्मा. रेखा जाताना दारात मला दिवसाचा अहवाल द्यायची.

"ताई, आज आजींनी सात झाडं नापास केली."

"कुठली?"

"नावं मला कुठे येतात? पण तो गोल कुंड्यांतला आहे ना, त्याला बघून तर म्हणाल्या, ह्याचं तोंड बघूनच भूक जाते."

आईचं निवडणं ऐकण्यासारखं असायचं. तिला फूल, रंग, उंची असलं काही आधी सुचत नाही. झाड आधी कुठे राहत होतं, हे तिला पहिल्यांदा हवं असतं. खडकावरचं की वहाळाकाठचं? वारा खाल्लेलं की मोठ्या झाडाच्या सावलीत वाढलेलं? त्या भिंतीलगत सीतेचा अशोक लावायला हवा होता, म्हणे, त्याला सावली चालते आणि ह्याच दिवसांत तो फुलतो. मधल्या मोकळ्या जागेत बकुळ. हळू वाढते, पण तिथे पोरं खेळतील, त्यांना फुलं वेचायला मिळतील. कडेने कुडा, तगर, मुरुडशेंग, म्हणजे बुलबुल येतील. पाम मात्र नकोच, कारण माती हातभर, वारा दोन इमारतींच्या फटीतला, आणि त्याला ना सावली ना फांदी. "पाखरांनी बसायचा खंय?" हा तिचा शेवटचा प्रश्न असायचा, आणि समोरच्या बागेत त्याला उत्तर देणारं कोणी नव्हतं. ज्या बागेत तिला कोणी शिरू देणार नव्हतं तिची आखणी ती रोज नव्याने करत होती. मला सुरुवातीला गंमत वाटली. मग राग यायला लागला. आपल्या वाट्याला न येणाऱ्या गोष्टीत माणसाने इतकं रमावं का, असं वाटायचं, आणि पर्समध्ये घडी घातलेलं नागपूरचं पत्र आठवायचं.

चाळीत आमच्या गॅलरीला कठड्याच्या आत तुपाच्या रिकाम्या डब्यांची ओळ होती. सगळ्या मजल्यांवर होती. अबोली, कोरांटी, गवती चहा, ओवा, सदाफुली, एखादा हौशी असला तर गुलाब. हा सगळा बगिचा चोरीचा होता. म्हणजे आमच्याकडची समजूतच अशी की मागून आणलेली फांदी लागत नाही, न विचारता आणलेली लागते. त्यामुळे कोणी कोणाकडे झाड मागायचंच नाही. शेजारणीच्या अबोलीचं एखादं रोप हवं असेल तर तिच्या दाराशी जाऊन, गावाकडचं कोण आलं, कोण गेलं ह्यावर बोलत उभं राहायचं. तिलाही कळायचं. मग ती "थांब हां, दूध बघून येते" म्हणून आत जायची आणि गरजेपेक्षा जरा जास्त वेळ आत राहायची. तेवढ्यात काम उरकायचं. दुसऱ्या दिवशी तिने आमच्या डब्यात आपलंच रोप बघून म्हणायचं, "अगो बाई, अबोली छान लागली हो." चोरणारीपेक्षा तोंड फिरवणारीचं कौशल्य त्यात मोठं होतं आणि आई त्यात पटाईत म्हणून सगळ्या मजल्यावर प्रसिद्ध होती. तिने दूध बघायला जावं आणि तिच्या ओव्याच्या तीन फांद्या गेल्या तरी परत आल्यावर तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलू नये.

नव्या घरात गॅलरी नाही. खिडकीला बाहेरून लोखंडी जाळीचा पिंजरा बसवून घेतला आहे, त्यात झाडं. मुंबईत आता घरची बाग म्हणजे हीच. पश्चिमेचं ऊन दुपारी दोनपासून सहापर्यंत तिथे नुसतं ओतलं जातं, आणि शेजारच्या एसीचा गरम वारा वेगळा. पहिल्या वर्षी मी नर्सरीतून जे जे गोजिरवाणं दिसलं ते आणलं. नाजूक नेचे, रंगीत कोलियस, नाव न उच्चारता येणारी दोन-तीन पानांची झाडं. सगळी एकामागोमाग गेली. आई म्हणाली, पाहुण्यांना गच्चीवर झोपवल्यासारखं केलंस. तिच्या सांगण्यावरून मग तगर आणली, ती टिकली. कोरांटी टिकली. अबोलीला दुपारचा आडोसा हवा म्हणून ती तगरीच्या मागे ठेवली, तीही टिकली. आता कोणी मला विचारलं, खिडकीत काय लावू, तर मी आधी त्यांची खिडकी कुठल्या दिशेला आहे ते विचारते. मग कुठल्या गावचे ते विचारते. दुसऱ्या प्रश्नाने लोक बिचकतात, पण जे झाड माणसाने लहानपणी आपल्या मातीत पाहिलेलं असतं त्याला तो पाणी घालायला विसरत नाही, असा माझा अनुभव आहे.

आईने लहानपणी पाहिलेलं झाड सुरंगीचं. तिचं माहेर वेंगुर्ल्याकडे. घरामागच्या परड्यात एक जुनी सुरंगी होती. फाल्गुनात तिच्या पान नसलेल्या जून फांद्यांवरच कळ्यांचे घोस येतात, ऊन चढायच्या आत कळ्या काढाव्या लागतात, तांबड्या मुंग्या चावतात, आणि मग घरातल्या सगळ्या बाया बसून वळेसर ओवतात. वळेसर म्हणजे गजराच, पण आईसमोर त्याला गजरा म्हटलेलं चालत नाही. मी सुरंगी फुललेली एकदाही पाहिली नाही. तेव्हा आमच्या वार्षिक परीक्षा असायच्या. मेमध्ये गावाला पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असायचं, आजोळच्या ट्रंकेत सुकलेले वळेसर तेवढे मिळायचे. सुकून तपकिरी झाले तरी लुगड्यांना वास देणारे. झाड परड्यात उभं असेल, पण मी आंब्यांकडे बघत असणार.

गेल्या वर्षी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आईला ताप आला. दोनच दिवसांचा, साधा. पण त्या दोन दिवसांत ती मला दर थोड्या वेळाने हाक मारायची आणि मी जवळ गेले की म्हणायची, "काय नाय. आसस काय ता बघलंय." तिसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी नागपूरला नाही म्हणून कळवलं. चार ओळींचं पत्र होतं. कारणाच्या जागी 'कौटुंबिक' लिहिलं. पाठवून झाल्यावर मला रडू येईल असं वाटलं होतं, पण भूक लागली. कँटीनमध्ये जाऊन दोन प्लेट उपमा खाल्ला आणि अर्धी रजा टाकून बाहेर पडले. घरी जायचं नव्हतं. दुपारी एक वाजता घरी जाऊन त्या खिडकीशी बसायचं आणि ह्यापुढे तिथेच बसायचं आहे हे स्वतःशी कबूल करायचं, तेवढं बळ माझ्यात नव्हतं.

भायखळ्याला उतरून एका नर्सरीत शिरले. तिथे सावलीच्या जाळीखाली ओल्या मातीचा वास होता आणि कोणी मला ओळखत नव्हतं. तासभर मी नुसती फिरले. मग एकदम विचारलं, सुरंगी आहे का? नर्सरीवाल्याने मागच्या रांगेतून वीतभर उंचीचं रोप आणलं, चकचकीत जाड पानांचं. "एकदम ओरिजिनल, मॅडम. कोकण का माल है." मी ते दोन्ही हातांनी धरून टॅक्सीत बसले. माझ्या मनात तेव्हा काय होतं ते आज मला लाजिरवाणं वाटतं. नागपूर सोडलं त्याच्या बदल्यात मी आईकडून काहीतरी मागत होते. तिने रडावं, मला जवळ घ्यावं, एवढं तरी तिने करायला हवं, असं मला वाटत होतं.

आईने रोप मांडीवर घेतलं. चष्मा काढला आणि एका पानावरून अंगठा फिरवला, मागून, पुढून, पुन्हा मागून. बराच वेळ. मग माझ्याकडे पाहिलं.

"खयसून आणलंस?"

"भायखळ्याहून. सुरंगी आहे, आई."

"होय तर," ती म्हणाली. "बरी आसा. ठेव थंय, तगरीच्या आडोशाक." आणि पदराने मांडीवरची माती झाडली.

एवढंच. रडली नाही, काही नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन कुकर आदळला.

पुढचा चैत्र आणि वैशाख मला एकच एक दुपार वाटतात. खिडकीला पडदा, पडद्यावर ऊन, पंख्याचा गरम वारा, बेडपॅन, ओल्या फडक्याने पाठ पुसणं, पावडर, गोळ्यांचा डबा. खाली समोरच्या बागेत संध्याकाळी फवारे सुरू व्हायचे. एका रविवारी आई म्हणाली, मला जरा त्या कुशीवर कर. केलं. पाच मिनिटांनी, आता पुन्हा हिकडे. केलं. तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा मी ओरडले, "सारखं काय गं तुझं! मला श्वास तरी घेऊ दे." ती जाळीतल्या रोपाकडे बघत म्हणाली, "सुरंगीक पाणी घातलंस?" मी पाणी घातलं. त्या दिवशी मला तिचा कंटाळा आला होता. दमलेपण नव्हे, कंटाळाच. तिच्या वासाचा, तिच्या आवाजाचा. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्या खोलीत आम्ही दोघीच होतो आणि दोघींनाही दुसरीकडे कुठे जायला जागा नव्हती.

पावसाळ्यानंतर आई वॉकरवर उभी राहिली. आता घरातल्या घरात फिरते. लिफ्टने खाली न्यायला मी दोनदा पाहिलं. पण मागच्या गल्लीत बाकडं नाही, सावली नाही, स्कूटर तेवढ्या लावलेल्या. दुसऱ्यांदा ती म्हणाली, "खाली जाऊन बघायचा काय? वरसून तरी बाग दिसता." आणि तिचं बरोबर होतं. ऑफिसात मी अजून त्याच टेबलाशी बसते. नागपूरला माझ्याहून आठ वर्षांनी लहान एक बाई गेली. तिचे फोन येतात, चांगली आहे. सुरंगी मात्र वाढली. आता माझ्या कमरेला लागेल एवढी झाली आहे, ती लावली आहे त्या बादलीच्या भोकांतून मुळं बाहेर आली आहेत. आई रोज सकाळी वॉकर टेकून तिची पानं पुसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "आमची सुरंगी. लेकीन आणल्यान."

परवा ते पाच पाम गेले त्या संध्याकाळी मी बादली पुढे ओढून मुळं बघत होते. म्हटलं, "आई, हिला आता ड्रम लागणार. सुरंगी एवढी मोठी होते का गं?"

"ड्रम कशाक? त्या उंडीक बादली बस झाली." ती भाजी निवडत होती, मान वर न करता बोलून गेली. मग तिचे हात थांबले.

"कोणाला?" मी विचारलं.

आईने सुस्कारा टाकला. "उंडी ती. सुरंगी न्हय." आणि लपवायचं संपल्यावर माणूस जसं मोकळेपणी बोलतं तसं तिने मला एक पान उजेडात धरायला लावलं. मधल्या शिरेपासून कडेपर्यंत बारीक बारीक सरळ रेषा, फणी फिरवावी तशा. ही उंडी. हिच्या बियांचं तेल काढतात, गावाला तिची आई ते गुडघ्यांना चोळायची. सुरंगीच्या पानावर अशा रेषा नसतात, जाळी असते. आंधळ्यालाही अंगठ्याने कळेल, म्हणाली.

"तुला कधी कळलं?"

"आणलंस त्याच दिसा."

मी खाली फरशीवर बसले होते, तशीच राहिले. "आणि वर्षभर तू सुरंगी सुरंगी करत तिला पुसतेस! लोकांना सांगतेस! मला का नाही बोललीस?"

"तू नागपूरचा बोललंस?"

हे घर केवढंसं आहे ते मला तेव्हा कळलं असं वाटलं. गेल्या वर्षी मी फोनवर जे बोलले होते ते सगळं स्वयंपाकघरात, नळ सोडून, तिच्याकडे पाठ फिरवून. मैत्रिणीपाशी रडले होते तेही तिथेच.

"तुला सगळं माहीत होतं?"

"होता."

मला वाटलं, आता ती म्हणेल, पोरी, माझ्यासाठी तू अडकलीस, जायला हवं होतंस. मी ते ऐकायला तयारही झाले होते. मी विचारलं, "मग तेव्हाच मला जा का नाही म्हणालीस?"

आईने निवडलेली भाजी एका बाजूला केली, देठं दुसऱ्या बाजूला केली. माझ्याकडे सरळ पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्याकडून माफीही तिला नको होती.

"जा म्हटला असता," ती म्हणाली, "तर तू गेली असतंस."

गेले असते मी.